दोन डावी पावलं

आमच्या सासूबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राखाली, काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची दोन बारकी पावलं असतात. लग्न होऊन सिंदीला आले तेव्हा मला वाटलं, नजर लागू नये म्हणून घातली असतील, किंवा कुठल्या देवस्थानाहून आणलेली असतील. मी विचारलं नाही. नव्या सुनेने सासूच्या गळ्याकडे टक लावून पाहू नये एवढी अक्कल मला होती, आणि पुढे डोळ्यांना सवय झाली.

बाकी गोष्टी मात्र दिसायच्या. नवी साडी घरात आली की सासूबाई तिची घडी मोडायच्या आधी ती गळ्याशी नेऊन त्या पावलांना दाखवायच्या. सणाला गोडाचं केलं की बोटावर थोडं घेऊन पावलांना लावायच्या, मगच देवाचा नैवेद्य. घरातलं कुणी परगावी निघालं की उंबऱ्यात थांबवायच्या, आधी पावलांना कुंकू लावायचं, मग जाणाऱ्याच्या कपाळाला. माझी रोजची सेलूची बस या कुंकवापायी दोनदा चुकली. मी सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवते. हेडमास्तरांना उशिराचं कारण काय सांगणार, कपाळाला हात लावायचा आणि गप्प बसायचं.

लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर मला दिवस राहिले. घरात आनंद झाला, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. पाचव्या महिन्यात वर्ध्याला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "वार खाली आहे." वार म्हणजे पोटात बाळाला रक्त पुरवणारा गोळा, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. आकृतीत ती नेहमी वरच्या बाजूला असते. माझी गर्भपिशवीच्या तोंडावर होती.

"वर सरकेल कदाचित," त्या म्हणाल्या. "पण सातव्यापर्यंत सरकली नाही तर जपावं लागेल. आत्ता ती दारात बसल्यासारखी आहे. बाळाला बाहेर यायचं तर आधी ती."

दारात बसल्यासारखी. त्यांनी मला समजावं म्हणून सोपं करून सांगितलं होतं. पुढचे कित्येक महिने ते सोपं वाक्य मला सोडायला तयार नव्हतं.

घरी आलो तर सासूबाई पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सहज सांगावं तसं सांगितलं, "बाकी सारं बराबर आहे आई. वार थोडी खाली आहे म्हणतात."

सासूबाईंच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं. दाणे पडवीभर झाले. त्यांचा हात गळ्याशी गेला होता आणि तिथंच राहिला. माझे सासरे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालेला हा माणूस मुळातच मोजून बोलणारा. ते उठले, पेपरची घडी केली आणि चप्पल घालून बाहेर पडले. जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत.

मी दाणे वेचायला वाकले तशा सासूबाई ओरडल्या, "वाकू नको!" इतक्या मोठ्याने त्या माझ्यावर आधी कधी ओरडल्या नव्हत्या.

सातव्या महिन्यात पुन्हा पाहिलं. वार सरकली नव्हती. उलट पूर्ण तोंड झाकून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी शाळा बंद करायला लावली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, गाडीवर बसायचं नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं. लाल दिसलं, थेंबभर जरी दिसलं, तरी तसंच उठून इकडे यायचं. "दुखणार नाही," त्या म्हणाल्या. "तेच वाईट आहे यात. न दुखता जातं."

माझा पलंग मधल्या खोलीत टाकायचं ठरलं, कारण न्हाणीघर तिथून जवळ. सासूबाई म्हणाल्या, "त्या खोलीत नको."

"काऊन?" यांनी विचारलं.

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे भिंतीकडे पाहत होते. शेवटी पलंग तिथंच पडला, कारण दुसरीकडे कुठं जागा नव्हती.

हे सकाळच्या गाडीने नागपूरला ऑफिसला जायचे. मग दिवसभर घरात आम्ही तिघं. कापसाचे दिवस होते. समोरच्या रस्त्याने कापूस भरलेले ट्रॅक्टर जायचे, जिनिंगची घरघर चालू असायची, आणि रुईचे तंतू उडत येऊन खिडकीच्या जाळीला चिकटायचे. मी डाव्या कुशीवर पडून ती जाळी पाहत राहायची. दुपारी मान वळवली नाही तरी मला वाटायचं की पाठीमागे, उंबऱ्यात, कुणीतरी बसलंय. पाय आखडून, भिंतीला टेकून, घाई नसलेलं. मी वळून पाहायची. कुणी नसायचं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, शाळेत या विषयावर मी तावातावाने बोलते. भीती मात्र वाटत होती. भीती काही विश्वासाला विचारून येत नाही.

शेजारपाजारच्या बायांना बोलायला विषय मिळाला. एक म्हणाली, पपई खाल्ली असेल. दुसरी म्हणाली, शिकल्यासवरल्या बाया फार चालतात, म्हणून खाली येते. तिसरीने तर हात पुढे केले, "मी पोट चोळून देतो व, दोन दिवसात वर चढते." तिला सासूबाईंनी दारातूनच वाटेला लावलं. चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे आलेल्या बाईला चहा न विचारणं म्हणजे भांडणच.

माझी ओटी भरायची होती. डोहाळजेवणाला माझ्या आईने हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "नाई. पोरगं हातात येऊ दे, मंग भरू." आईला वाईट वाटलं, मला राग आला. एवढं सगळं बंद झालं होतं, निदान एक दिवस हिरव्या बांगड्या घालून बसले असते. मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी सासूबाई ज्वारीची भाकर चुरून वरण घालून घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. घास भरवायला त्या वाकल्या तशी पावलं बाहेर लोंबली, माझ्या तोंडासमोर. मी रागातच होते.

"कोणाची आहेत ही पावलं?" मी विचारलं.

त्या थांबल्या. घास त्यांच्या हातातच राहिला.

"माह्या सवतीची," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सासऱ्यांची पहिली बायको होती. फार लहान वयात लग्न होऊन आली, दुसऱ्याच वर्षी दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात याच खोलीत गेली. तेव्हा ही खोली मातीची होती, वर कवेलू, म्हणजे कौलं होती. रक्त जात राहिलं. पोरही गेलं. वार शेवटपर्यंत पडली नाही. त्यानंतर पहिल्याच लगीनसराईत सासूबाईंना या घरात आणलं. मंडपात मंगळसूत्र घातलं आणि लगेच त्याखाली ही पावलं बांधली. पहिली सवाष्ण मेली की दुसरीने तिला गळ्यात वागवायचं, तिचा मान आधी, हिचा नंतर. अशी रीत होती.

"मी पोटुशी राहली तवा माही सासू रोज या पावलाईले कुंकू लावे," त्या म्हणाल्या. "म्हणे, तिचं राहून गेलं, हिचं तरी होऊ दे. झालं. पण मी नऊ महिने झोपली नाई."

मी ती पावलं बोटांवर घेतली. झिजून गुळगुळीत झाली होती. बोटं म्हणजे नुसती टिंबं. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की दोन्ही पावलांचा अंगठा एकाच बाजूला आहे.

"आई, ही दोन्ही डावीच आहेत."

"हव. सोनारानं घाईत केले. लगन तोंडावर होतं." त्यांनी घास पुन्हा वाटीत कालवला. "म्हून तर ती कुठं जात नाई. दोन डाव्या पायाईनं कसं जाईल कोणी?"

असं म्हणून त्यांनी मला घास भरवला. मी तो गिळला.

त्या दिवसापासून उंबऱ्यात बसलेल्या बाईला पाय आले.

मी काही वेडी झाले नव्हते. पण पडून राहिलेल्या माणसाला काम नसलं की डोकं नको ते उद्योग करतं. मी माझ्या पावलांचा विचार करू लागले. मी गेले तर हे काही जन्मभर तसे बसणार नाहीत, लोक बसू देणार नाहीत. मग कुणीतरी येईल. हिंगणघाटकडची असेल, बारीक असेल, तिला पातोडीची भाजी येणार नाही. माझ्या दोरीवर तिचे कपडे वाळतील. आणि तिच्या गळ्यात मी असेन. ती प्रत्येक नवी साडी मला दाखवेल आणि मला तिची एकही साडी आवडणार नाही. हे मला इतकं स्पष्ट दिसायचं की मी त्या बाईवर चिडायची. हसूही यायचं.

एकदा हे माझे पाय चेपत बसले होते तेव्हा मी म्हटलं, "माझी पावलं सोन्याची कर. चांदी काळी पडते. आणि सोनाराला सांग, एक उजवं कर."

ते उठून गेले. न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. "पुन्हा बोलली ना असं," ते म्हणाले, "तर मी ऑफिसले जाणं बंद करतो आन इथं बसून राह्यतो तुह्यापुढं." मी पुन्हा बोलले नाही. मनातल्या मनात मात्र चालूच होतं.

सासऱ्यांचं एक जुनं धोतर सासूबाईंनी फाडून त्याचे चौकोन केले होते. "पांढरंच घेत जाजो," त्या म्हणाल्या होत्या. "रंगीत फडक्यावर समजत नाई." प्रत्येक वेळी न्हाणीघरात गेले की मी आधी डोळे मिटायची, मग फडकं पाहायची. पांढरं. बाहेर आले की सासूबाई दारातच उभ्या असायच्या. मी मान हलवायची. मग त्या स्वयंपाकघरात जायच्या. हे दिवसातून किती वेळा व्हायचं ते आम्हा दोघींनाच माहीत.

एका सकाळी फडक्यावर एक गुलाबी डाग दिसला. वर्ध्याला धावलो. थांबलं. बाळाच्या छातीत बळ यावं म्हणून मला इंजेक्शनं दिली, काही दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सूचना होती. आता सिंदीला राहू नका, रस्ता तासाभराचा आहे. दवाखान्याजवळ खोली घ्या." खोली पाहून झाली. भांडी, गॅस, गादी काय काय न्यायचं ते ठरलं. सोमवारी जायचं होतं.

शनिवारी दुपारी मी जेवून पडले होते. सासरे पडवीत बसल्या बसल्या पेंगत होते. जाळीवर रुई हलत होती. मला एकदम ऊब जाणवली. फक्त ऊब. दुखलं नाही, कळ आली नाही, काही नाही. मला वाटलं पाणी सांडलं. हात खाली नेला आणि वर आणला.

मी आवाज दिला की नाही मला आठवत नाही. सासूबाई दारात होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग गादीकडे. त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले आणि पावलांच्या दोऱ्याची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटत नव्हती. इतक्या वर्षांची गाठ, घामाने, तेलाने दगड झालेली. त्या नखांनी ओरबाडत होत्या, तोंडाने "थांब, थांब" म्हणत होत्या, आणि माझ्या खालची गादी भिजत होती. मला वाटलं, ही बाई आता कुंकू शोधणार. मी मरतेय आणि ही आधी सवतीची परवानगी काढतेय.

"आई, गाडी!" मी ओरडले.

"थांब व, थोडं थांब."

तेवढ्यात सासरे आत आले. हा माणूस माझ्यासमोर बायकोशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

"तवाही हेच झालं!" ते गरजले. "तवाही माही माय थांब, थांब म्हणत बसली. अमावस सरू दे म्हणे. म्या थांबलो. म्या ऐकलं तिचं. सोड ते! चाल ऊठ!"

सासूबाईंनी दोन्ही हातांनी झटका मारला आणि दोरा तुटला. मानेवर लाल वळ उमटला. सासऱ्यांनी मला धरून बाहेर नेलं, आणि पावलं मुठीत घेऊन सासूबाई मागे धावल्या.

समोरच्या किराणावाल्याने गाडी काढली. मागच्या सीटवर मी आडवी, माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर, पायाखाली उशी. सासरे पुढे. सेलूला माझ्या शाळेवरून गाडी गेली. खिडकीतून वडाच्या झाडाचा शेंडा दिसला, त्यावरून ओळखलं. त्यानंतर सासरे पुढच्या काचेकडे पाहतच बोलू लागले. आमच्याशी नव्हेच.

"बंडी जुंपून उभी होती दारात. बैल उभे होते. मले आवाज देत होती ती आतून. माय म्हणे, बाईच्या खोलीत माणसानं जायचं नाई. म्या बैलाईची वेसण धरून उभा राह्यलो." थोड्या वेळाने म्हणाले, "तशीच उभी राह्यली बंडी."

किराणावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो वर्ध्यापर्यंत काढला नाही.

दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतलं. कानावर हाका येत होत्या, रक्त आणा, कोण आहे सोबत, सही कोण करतं. एका सिस्टरने माझ्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. दार बंद होताना मी त्यांना पाहिलं. दोन्ही मुठी आवळून उभ्या होत्या, पदर रक्ताने भरलेला. त्यांच्या ओठांची हालचाल होत नव्हती. एवढं मला आठवतं. नेहमी पुटपुटणारी बाई तेव्हा गप्प होती.

मग मी बराच काळ नव्हते. कुठे होते ते मला माहीत नाही. बोगदा, उजेड, गेलेली माणसं, असलं काही दिसलं नाही. फक्त मला कुणीतरी माझ्या शेजारी बसल्यासारखं वाटत होतं, पाय आखडून, घाई नसलेलं. ते औषधाने झालं असेल. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथेच लिहितेय.

जागी झाले तेव्हा हे उशाशी होते. नागपूरहून परस्पर आले होते, आणि ऑफिसातले दोस्त रक्त द्यायला घेऊन आले होते. "पोरगी आहे," ते म्हणाले. "काचेच्या पेटीत ठेवली आहे. एवढीशी आहे, पण रडते." मग ते रडले. रडून झाल्यावर सांगितलं की वार सुटताना रक्त थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली. सही त्यांनी केली होती. "मले तू पाह्यजे होती," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला. पिशवीचं दुःख नंतर आलं आणि बरेच दिवस राहिलं. अजून येतं. पण त्या क्षणी मी एवढंच विचारलं की पोरीचे पाय पाहिले का.

"पाय?"

"काही नाही," मी म्हटलं.

सासूबाई मला भेटल्या त्या दोन दिवसांनी, वॉर्डात आणल्यावर. लोखंडी स्टुलावर बसल्या. गळा मोकळा दिसत होता, मानेवर वळ होता. मनात होतं ते बोलून टाकायचंच असं मी ठरवलं होतं. अशा वेळी आपण बोलत नाही आणि मग आयुष्यभर भांड्यांच्या आवाजातून बोलत राहतो.

"आई, मी मरत होते आणि तुम्ही तिला विचारत बसला होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत.

"विचारत नव्हती मी," त्या म्हणाल्या. "तिले घरी ठेवून येणार होती. माह्या गळ्यात राह्यली तर माह्यासंग दवाखान्यात येते, तुह्या उशाशी बसते. म्हून सोडत होती. खुंटीले टांगून दार लावून घेतलं असतं." त्यांनी उजव्या हाताची मूठ उघडून दाखवली, आता रिकामी होती. "सुटली नाई व गाठ. मंग मुठीत धरली. तुले आत नेलं, पोरगी बाहेर आणली, तू शुद्धीवर आली म्हणून सांगतलं, तोवर मूठ उघडली नाई मी. तिले काई दिसू दिलं नाई."

तळव्यात दोन लहान जखमा होत्या. पावलांच्या कडा रुतून झालेल्या. शेजारी शेजारी, एकाच वळणाच्या.

"एका हातात ती, एका हातात तुह्यं मंगळसूत्र," त्या म्हणाल्या. "मले वाटे, आता याचेही दोन पाय करायले सांगतील. कोण्या पोरीच्या गळ्यात बांधतील. मी बांधून घेतले, मले मालूम आहे कसं राह्यते ते. तुह्ये पाय कोणाच्या गळ्यात नको होते मले."

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, मग त्याच पदराने स्वतःचे. नंतर डब्यातली पेज काढली आणि गार झाली म्हणून स्वतःवरच चिडल्या.

पोरगी महिनाभर पेटीत होती. घरी आणली तेव्हा उंबऱ्यात सासूबाईंनी तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि आम्हाला आत घेतलं. कुंकवासाठी थांबवलं नाही. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाची वार परसात, कडुनिंबापाशी पुरलेली आहे, यांचीही तिथंच आहे. माझी दवाखान्यातून मिळाली नाही, मागायचं कुणाला सुचलंही नाही. सासऱ्यांच्या त्या पहिल्या बायकोचीही तिथे नाही. आम्हा दोघींच्याच नाहीत.

पावलं पुन्हा सासूबाईंच्या गळ्यात आहेत, नव्या दोऱ्यात. मीच म्हटलं होतं की आता नदीत सोडून द्या. त्या म्हणाल्या, "तिने तुले सोडलं ना. मंग मी तिले कशी सोडू?" सासरे आता कधीमधी त्यांना विचारतात, "तिले दिलं का?" पहिला घास देऊन झाला का, असं. आधी विचारत नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी पडवीत बसून तिचं नावही घेतलं. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण नंतर चहा त्यांना न मागता मिळाला.

पिशवीच काढल्यावर मला आता लाल काही दिसणं शक्य नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलंय, आणि मला स्वतःलाही कळतं, मी तोच विषय शिकवते. तरी न्हाणीघरात गेले की डोळे मिटतात आणि मग हळूच उघडतात. आणि दुपारी मधल्या खोलीत पडले की मी अजून एकदा उंबऱ्याकडे वळून पाहते. कुणी नसतं. कधी वाटतं, पाहिलं नाही तर तिला वाईट वाटेल.

पोरगी चालायला उशिरा लागली, कमी दिवसांची म्हणून. परवा तिला न्हाऊ घालून मी टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात ती हातातून निसटली आणि ओल्या अंगाने, नागडीच, मधल्या खोलीतून पडवीपर्यंत धावत गेली. फरशीवर तिचे ओले ठसे उमटले. मी ओरडत मागे धावले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या, आणि उंबऱ्यावरून बाहेर गेलेल्या त्या ठशांकडे एकेक करून पाहू लागल्या.

"एक डावं, एक उजवं," त्या म्हणाल्या. गळ्यातली पावलं त्यांनी चिमटीत धरली होती, फरशीकडे करून, कुणाला तरी दाखवावं तशी. "पाह्य व बाई. एक डावं, एक उजवं."

मग पोरगी घसरेल म्हणून त्यांनी फडकं आणून फरशी पुसून घेतली.